सुरतेचा एक पेरणारा : चंद्रकांत पटेल

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडात पोहोचणे जवळजवळ बंद झाले. लँकेशायर परगण्यातील गिरण्या थंड पडल्या आणि हजारो कामगारांच्या चुली विझल्या. मग गिरणीमालकांनी हिंदुस्थानचा कापूस मागविला. पश्चिम हिंदुस्थानातून गेलेला कापूस कोणत्याही जिल्ह्यातील असो, तिकडच्या बाजारात त्याला सुरती हेच नाव असे. त्याचा धागा आखूड, त्यात माती व पालापाचोळा मिसळलेला. यंत्रावर तो सारखा तुटे आणि जितके काम तितकीच मजुरी मिळणाऱ्या कामगाराचे हाल होत. त्या दिवसांतील एका प्रार्थनासभेची गोष्ट सांगतात. देवाने कापूस पुरवावा म्हणून विनवणी चालली असता, तो सुरती मात्र नसावा, अशी पुस्ती जमलेल्यांपैकी एकाने जोडली.

या गोष्टीला शंभरावर वर्षे लोटली आणि १९७० साली त्याच सुरत शहरातील कापूस संशोधन केंद्रातून एक नवे बियाणे बाहेर पडले. शेतकऱ्यांच्या शेतात व्यापारी प्रमाणावर पेरले गेलेले ते जगातील पहिले संकरित कापसाचे बियाणे होय. त्याचे नाव हायब्रिड-४. खानदेशातील व वऱ्हाडातील जुने शेतकरी त्याला एच-फोर या नावाने ओळखतात. हे बियाणे ज्यांनी घडविले त्या चंद्रकांत पटेल यांची ओळख या महिन्यात आम्ही वाचकांस करून देत आहोत.

पटेल हे आपल्या मंडळीतले नव्हते. मग मंडळीच्या मासिकात त्यांचे चरित्र का, असे कोणी विचारील. देवाने आपल्या लोकांना बाबेलच्या बंदिवासातून परत आणण्यासाठी कोरेश राजाला वापरले, हे शास्त्र वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देण्याचे देवाचे काम आपल्या कुंपणाबाहेरील कितीतरी हातांनी होत असते. ते ओळखणे हाही उपकारस्तुतीचाच भाग आहे. शिवाय सुरत आपल्याला परकी नाही. १८१५ साली लंडन मिशनचे स्किनर व फायवी हे सेवक तेथे उतरले आणि गुजरातेतील सुवार्तेच्या कामाचा पाया घातला गेला. आज त्याच शहरात उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे कापडधंद्यावर पोट भरीत आहेत. यांपैकी कितीतरी जणांच्या वाडवडिलांनी गावाकडे कापूसच पेरला होता.

चंद्रकांत पटेल यांचा जन्म १९१७ साली खेडा जिल्ह्यातील सारसा या गावी झाला. हा चरोतरचा सुपीक मुलूख. पण त्याच वर्षीच्या अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील पिके बुडाली. सरकारने तरीही साऱ्याची मागणी केली आणि पुढील वर्षी गांधीजी व वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पीक हातचे गेले म्हणजे घर कसे हलते, हे त्या पिढीच्या मुलांनी घरोघरच्या बोलण्यातूनच ऐकले असणार. पटेल यांनी शेतीशास्त्राची वाट धरली, कापसाच्या संशोधनात उमेदीची वर्षे घातली आणि सुरतेच्या केंद्रात कापूस-तज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले.

सुरतेचे हे केंद्र फार जुने, १८९६ सालचे. अठवा फार्म या नावाने ते सुरतकरांना परिचित आहे. जो कापूस जगभर हिणवला गेला, तो सुधारावा हाच त्याच्या स्थापनेमागील हेतू. काम वाटते तितके सोपे नव्हते. भडोचच्या बाजूस घोगारी नावाचा एक कापूस पसरला होता. त्यातून रुई अधिक निघे म्हणून शेतकरी तो पेरीत. पण धागा जाडाभरडा, आणि चांगल्या कापसात त्याची भेसळ होऊन साऱ्या मुलखाचे नाव खराब होई. म्हणजे एक गुण वाढविला की दुसरा हातातून निसटतो, हा धडा सुरतेच्या संशोधकांना आरंभीच मिळाला. त्यांनी निवड करून व संकर करून हळूहळू चांगले वाण काढले. १०२७ ए.एल.एफ. हा त्यांतील एक नावाजलेला वाण. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा लांब धाग्याचा कापूस पिकविणारी सिंध व पश्चिम पंजाबची बागायती जमीन पाकिस्तानात गेली आणि बहुसंख्य गिरण्या मात्र भारतात राहिल्या. मग इजिप्त, सुदान, अमेरिका येथून कापूस आणावा लागे आणि त्यापायी मोलाचे परकीय चलन खर्ची पडे. पटेल ज्या पिढीचे संशोधक होते त्या पिढीपुढे हा प्रश्न रोज उभा होता.

आता त्यांच्या कामाचे मर्म थोडे समजून घेऊ. कापसाच्या शेतात उभे राहिले तर दोन झाडे सारखी दिसत नाहीत. एकाला साठ बोंडे, शेजारच्याला वीस. एकाचा धागा लांब, दुसऱ्याचा आखूड. या फरकालाच शास्त्रज्ञ विविधता म्हणतात आणि हीच त्यांची पुंजी. सगळी झाडे एकसारखीच असती तर निवड कशातून करणार? पण पुढचा प्रश्न अवघड आहे. साठ बोंडांचे झाड खरोखरच चांगल्या बीचे, की त्याच्या मुळाशी शेणखताचा ढीग पडला होता म्हणून ते फोफावले? डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. त्या झाडाची सरकी वेगळी राखून पुढील वर्षी सारख्या जमिनीत पेरावी, तेव्हाच खरे काय ते कळते. लेकरे आईसारखी निघाली तर गुण बियाण्याचा. साधारणच निघाली तर गुण जमिनीचा. दिसणाऱ्या फरकातील जेवढा वाटा बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतो, त्याला आनुवंशिकता म्हणतात. कापसात धाग्याची लांबी बऱ्याच अंशी वारशाने येते. एकूण उत्पन्न मात्र पाऊस, जमीन, कीड अशा पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असल्याने बियाण्याच्या हाती कमी राहते. म्हणून नुसते डोळ्यांना भरणारे झाड निवडणारा फसतो.

या विद्येचा पाया ग्रेगोर मेंडेल या मठवासी धर्मगुरूने ब्रुन गावच्या मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून घातला. १८६६ साली ते प्रसिद्ध झाले, पण १९०० सालापर्यंत त्यांची कोणी दखल घेतली नाही. आपल्याकडे इंदूरच्या संस्थेत विनायक गोविंद पानसे यांनी कापसातील अशा गुणांचा वारसा गणिताने कसा मोजावा याचे महत्त्वाचे काम केले. त्यांनी व पां. वा. सुखात्मे यांनी मिळून लिहिलेला शेती-संशोधनातील संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि देशातील शेतकी महाविद्यालयांतून तो वर्षानुवर्षे अभ्यासला गेला. ही दोन्ही मराठी माणसे, हे आपल्या तरुणांना अवश्य सांगावे.

कापसाच्या दोन वेगळ्या वाणांचा संकर केला तर पहिल्या पिढीची झाडे कित्येकदा दोन्ही आईबापांहून जोमदार निघतात, ही गोष्ट पटेल यांच्या पुष्कळ आधीपासून माहीत होती. मक्याच्या पिकात अमेरिकन शेतकऱ्यांनी तिचा मोठा लाभ घेतला होता. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली. तुरा खुडला की झाले. कापसाचे तसे नाही. एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर जवळजवळ असतात आणि फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. संकर करायचा तर प्रत्येक फूल हाताळले पाहिजे. प्रयोगाच्या दहा-वीस झाडांवर हे जमते. पण हजारो एकरांना पुरेल इतके बियाणे या रीतीने काढणे परवडणार नाही, असे जगभरच्या जाणकारांचे मत होते. श्रीमंत देशांत मजुरी महाग, म्हणून तेथे हा विचार सोडून दिल्यासारखाच होता.

येथे पटेल यांची निष्ठा कामी आली. त्यांच्यापुढे दोन शोध होते. पहिला, जोडी कोणती जमते. वाण चांगला असला म्हणजे त्याची संतती कोणत्याही जोडीदारापासून चांगली होते असे नाही. दोन साधारण दिसणारे वाण एकत्र आल्यावर कधी उत्तम फळ देतात. हे आधी सांगता येत नाही, करूनच पाहावे लागते. अनेक जोड्या, अनेक हंगाम, प्रत्येक झाडाची नोंद. अखेरीस गुजरात-६७ हा आपल्याकडील वाण मादी म्हणून आणि अमेरिकन नेक्टरीलेस हा परदेशातून आणलेला वाण नर म्हणून अशी जोडी ठरली. या अमेरिकन वाणाच्या पानांवर मधाच्या ग्रंथी नसतात, म्हणून त्याचे नाव तसे. शेतात उभा असता तो काही फार मोठा वाटणारा नव्हे. पण या दोघांची पहिली पिढी भरघोस निघाली आणि तिचा धागाही लांब होता.

दुसरा शोध, बियाणे परवडेल कसे. ती रीत अशी. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारी ओळखायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या व पुंकेसरांची नळी अलगद गोल फिरवून काढायची. स्त्रीकेसराला किंचितही इजा होऊ द्यायची नाही. उघडे राहिलेले स्त्रीकेसर झाकून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ताज्या फुलाचा पराग त्यावर लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. नराचे एक फूल चार-पाच कळ्यांना पुरते. हे काम एका एकराला सुमारे आठ-दहा माणसे दोन-अडीच महिने रोज करतात, तेव्हा संकरित बी मिळते. ज्या देशात भांडवल कमी पण कामाची वाट पाहणारे हात पुष्कळ, तेथे हे शक्य आहे, हा पटेल यांचा हिशेब होता. जगाने जी अडचण मानली होती, तीच आपल्याकडे खेड्यापाड्यांतील रोजगार झाली.

१९७० साली हायब्रिड-४ शेतकऱ्यांच्या हाती आले. दोन वर्षांनी, १९७२ साली, गुजरात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. सुरतेचे केंद्र त्याकडे होते, आणि २००४ पासून ते नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे. हायब्रिड-४ गुजरातेतून महाराष्ट्रात व इतर राज्यांत पसरले. १९७२ साली धारवाडला डॉ. कटारकी यांनी वरलक्ष्मी हा दुसऱ्या पद्धतीचा संकरित कापूस दिला आणि १९८० नंतरच्या वर्षांत नांदेडच्या केंद्राचा एनएचएच-४४ हा वाण मराठी शेतकऱ्याच्या घरोघरी पोहोचला. १९७०-७१ साली देशात हेक्टरी सरासरी सुमारे १०६ किलो रुई होत असे. १९९०-९१ साली ती सुमारे २२५ किलोवर गेली. हे सर्व एकट्या संकरित बियाण्याने झाले असे नाही. पाणी, खत, औषधे यांचाही त्यात वाटा आहे. पण बियाण्याचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. ज्या पटेल यांनी हा मार्ग उघडला ते १९९० साली निवर्तले. संकरित कापसाचे जनक म्हणून त्यांना मान मिळतो.

कापूस म्हटला की आपल्याला कापड आठवते. पण शेतातून वेचून आणलेल्या १०० किलो कापसात रुई असते ३५ किलोच्या आतबाहेर. बाकीची बहुतेक सरकी. गुरांना सरकी व पेंड, आणि घाण्यातून तेल. हे तेल शुद्ध केल्यावरच खाण्याजोगे होते, आणि गुजरातेत फरसाणापासून घरच्या फोडणीपर्यंत ते चालते. म्हणजे कापूस हे वस्त्राचे पीक तसेच तेलबियांचेही. एरंडाचा संकरित वाणही त्याच सुमारास गुजरातेतच तयार झाला. टेक्सासहून आणलेल्या केवळ मादी फुले धरणाऱ्या एरंडाची जुनागढच्या एरंडाशी गाठ घालून तो काढला होता. आज जगाला एरंडेल पुरविण्यात गुजरात अग्रभागी आहे. एका शेतावरचा धीर दुसऱ्या पिकाला कसा उपयोगी पडतो, हे यावरून दिसते.

येथेच हे चरित्र संपविले तर ते गोड वाटेल, पण पुरे होणार नाही. प्रत्येक चांगल्या देणगीबरोबर एक जबाबदारी येते, आणि ती उचलली नाही तर देणगीच ओझे होते. हायब्रिड-४ बाबत दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी. संकरित झाडाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर पीक सारखे येत नाही. आईबापांचे मिसळलेले गुण पुढील पिढीत पुन्हा पांगतात. कोणी उंच, कोणी खुजे, कोणाचा धागा आखूड. मेंडेलने वाटाण्यात पाहिले तेच. म्हणून आजोबांनी कणगीत राखलेले बी नातवाने पेरावे, ही जुनी रीत संपली. शेतकऱ्याला दर वर्षी दुकानात जावे लागते. हायब्रिड-४ ला पाणीही हवे, मेहनतही हवी. बागायतीत ते शोभले. कोरडवाहूत पाऊस दगा देई तेव्हा बियाण्याचे व औषधाचे पैसे अंगावर येत. २००२ पासून आपल्याकडे बीटी कापूस आला तो बहुतेक संकरित रूपातच आला, त्यामुळे ही गोष्ट आजही तशीच आहे. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी वाचताना हा धागा ध्यानात ठेवावा. दोष बियाण्याचा नाही. बागायतीतील बी कोरडवाहूत विकताना आणि विकत घेताना जमिनीचा विचार झाला नाही, हा दोष माणसांचा.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. कळी सोलण्याच्या त्या नाजूक कामासाठी पुढे लहान मुलांचे हात शोधले गेले. त्यांची बोटे लहान, उंची झाडाएवढी, मजुरी थोडी आणि तक्रार नाही. उत्तर गुजरातेतील बियाण्याच्या शेतांवर राजस्थानातील डुंगरपूर, उदयपूर भागातील आदिवासी मुले हंगामभर नेली जात. आंध्र प्रदेशात तर बहुसंख्य मुलीच असत. शाळा सुटे ती सुटेच. १९९० नंतरच्या पाहण्यांतून हे उघडकीस आले, ओरड झाली, आणि परिस्थिती काही प्रमाणात सुधारली. २०१६ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास घरच्या मदतीसारखे थोडे अपवाद सोडता सर्वत्र बंदी केली. पण कायदा शेताच्या बांधापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. पटेल यांनी गरिबाच्या हाताला काम मिळावे असे पाहिले. ते काम लेकराच्या हाती देणारे दुसरे होते. शोध लावणारा एक आणि त्याचा उपयोग करणारे दुसरे, हे नेहमीच घडते. म्हणून ज्यांच्या अंगावर कापूस आहे अशा आपणा सर्वांवर या मुलांची चिंता वाहण्याचे कर्तव्य आहे. आपल्या मंडळ्यांतील जी कुटुंबे शेती करतात त्यांनी आपल्या शेतात मूल कामाला नाही एवढे जरी पाहिले, तरी ती मोठी साक्ष होईल.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना करतो. पेरणाऱ्याचा दाखला शिकविताना मुलांकडून दोन डबे मातीने भरून घ्यावेत. एकात शेणखत घातलेली माती, दुसऱ्यात मुरूम. दोहोंत एकाच शेंगेतील वालाचे दाणे पेरावेत. बी एकच असता माती वेगळी झाली की काय होते ते मुलांना दिसेल. पुढील महिन्यात उलट करावे : माती एकच, दाणे दोन वेगळ्या वेलांचे. आता जो फरक दिसेल तो बियाण्याचा. प्रभूने त्या दाखल्यात बी एकच ठेवले आणि जमिनी वेगळ्या सांगितल्या, हे मग मुलांच्या आपोआप ध्यानात येईल. वचन सर्वांना तेच मिळते. अंतःकरणाची मशागत ज्याची त्याने करावयाची आहे.

आणि मोठ्यांसाठीही एक धडा आहे. एका हंगामात भरघोस दिसणारे झाड पाहून पटेल व त्यांचे सहकारी हुरळून जात नसत. ते त्याची लेकरे पाहत, आणि तीही वेगवेगळ्या जमिनींत, वेगवेगळ्या पावसांत. आपण मंडळीच्या कामाची पारख करतो तेव्हा असा धीर धरतो काय? एका सुवार्तासभेची गर्दी, एका वर्षाची वर्गणी, एका वक्त्याचे यश, यांवरून आपण लगेच निकाल देतो. त्यातील किती बियाण्याचे आणि किती त्या दिवशीच्या खताचे, हे पुढची पिढी उगवल्यावरच कळणार आहे. घरातील मुलांत विश्वास उतरला काय, हीच खरी कसोटी. मात्र एक फरक आहे. कापसाला आपली जमीन बदलता येत नाही. माणसाला देवाच्या कृपेने येते. चंद्रकांत पटेल यांनी हिणवल्या गेलेल्या कापसाच्या मुलखात काम केले आणि त्या मुलखाचे नाव जगात उजळ केले. ज्या माणसांना व वस्त्यांना आपण निकामी ठरविले असेल, त्यांच्याकडे पुन्हा एकदा धीराने पाहावे, त्यांच्यात कोणते बी दडले आहे हे पेरून पाहावे, अशी बुद्धी प्रभूने आपणां सर्वांस द्यावी.